पाय एक नंबर वाढेपर्यंत

पायाचं माप घ्यायच्या धातूच्या पाटीवर सहाच आकडे पुसट झाले होते. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात; त्यातले अकरा, बारा, तेरा, एक, दोन आणि तीन एवढेच झिजले होते. बाकीचे अजून नखाला लागत. हे सहा आकडे पुसायला एकोणचाळीस वर्षं आणि काही हजार टाचा लागल्या होत्या. पाटीवरची सरकपट्टी अर्धा मिलिमीटर जास्त दाखवते हे ताईला माहीत होतं, आणि तेवढं वजा करूनच ती वहीत माप लिहायची.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्यावर तिनं पाटीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. एका दिवसात एवढी धूळ बसत नाही.

पाटीच्या शेजारी मशीन होतं. तळहाताएवढं, काळं, कोपऱ्यात एक निळा दिवा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. धाकटा ते रोज चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसायचा. स्वतःचा चष्मा तो शर्टाच्या टोकाला पुसायचा.

दुकान बुटांचं. तीन भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे एक बाक, एक शिडी, आणि वरच्या मजल्यावर घर. ते बाबांनी सुरू केलं. ताई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची. बाबांचे गुडघे खाली बसून माप घ्यायला नकार देऊ लागले तेव्हा शाळा सोडून ती दुकानात आली. तिचा धाकटा भाऊ विक्री बघायचा. निदान तो स्वतः तसं म्हणायचा.

मशीन त्यानंच आणलं होतं. गिऱ्हाईकानं बूट पसंत करायचे, आपल्या फोनवर दोन ठिकाणी बोट लावायचं आणि बूट घेऊन घरी जायचं. शेकडा सहा कापून घेऊन दुकानाचे पैसे दुसऱ्या दिवशी कंपनी द्यायची. गिऱ्हाईकानं कंपनीला चार महिन्यांत चार हप्ते द्यायचे. हप्ते वेळेवर गेले तर व्याज नाही. नाही गेले तर काय, ते करारपत्रात नवव्या पानावर होतं, आणि तिथलं अक्षर इतकं बारीक होतं की ताईनं ते शाळेच्या काळातलं भिंग काढून वाचलं. त्याच अटींवर मशीन आधी बारा आठवडे वापरून बघायचं होतं. त्यानंतर सही, नाहीतर मशीन परत. मुदत उद्या, शनिवारी संपत होती.

बारा आठवडे बाबा रोज जेवताना विचारत होते, "काय ठरलं?" आणि बारा आठवडे ताई म्हणत होती, "बघू." दुकान तिच्या नावावर होतं, त्यामुळे तिच्या 'बघू'पुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

धाकट्याचं केव्हाच ठरलं होतं. त्यानं काचेच्या दारावर कंपनीचा स्टिकर लावला: 'आज घ्या. आज काहीच देऊ नका.' सरळ लागावा म्हणून तीनदा काढून लावल्यामुळे त्याचा एक कोपरा कायमचा सुटला होता आणि दार उघडलं की फडफडायचा. विक्रीचा आलेखही त्यानं काढला होता. त्यात रेघ वर चढत होती, कारण खालचा निम्मा कागद त्यानं कापून टाकला होता.

"दीडपट झाली विक्री," त्यानं त्या दिवशी जेवताना सांगितलं. "काल एक जण बुटाची लेस घ्यायला आला आणि बूट घेऊन गेला."

"लेसही घेतली?" बाबांनी विचारलं.

"लेस बुटात असतेच की, बाबा."

"म्हणजे त्याचं काम झालंच नाही. त्याला जुन्या बुटांची हवी होती."

"कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानात अशी पाच मशीनं आहेत. आपण एका मशीनवर बारा आठवडे विचार करतोय."

"त्या दुकानात विकणारेही पाच आहेत. पाचांपैकी एकाला तरी टाच कुठे असते ते विचार."

मग बाबांनी फळीचा विषय काढला. ते तो काढणारच होते. गल्ल्याच्या वर, भिंतीला एक लांब फळी होती. ज्याच्याकडे पुरेसे पैसे नसत त्यानं बूट पसंत करायचे. खोकं त्याच्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर जायचं. त्यानं येता-जाता थोडे थोडे पैसे देत राहायचं. शेवटचा पैसा आला की खोकं खाली उतरायचं. आधी द्या, मग घ्या. फळीबद्दल बोलताना बाबांचा आवाज असा व्हायचा की ऐकणाऱ्यानं उभं राहावं.

"एकोणचाळीस वर्षांत एक पैसा बुडाला नाही माझा," बाबा म्हणाले.

"बुडणार कसा?" धाकटा म्हणाला. "माल आपल्याकडे, पैसेही आपल्याकडे. गिऱ्हाईकाकडे काय, तर चिठ्ठी. तीसुद्धा आपल्याच फळीवर."

"विश्वास होता लोकांचा."

"त्यांचा आपल्यावर. आपला त्यांच्यावर कुठे होता?"

बाबांचा घास हातातच राहिला. धाकट्याच्या तोंडून चुकून काहीतरी खरं निघून गेलं होतं. त्याचं त्यालाही कळलं नसावं, कारण लगेच तो काचेच्या दुकानातल्या गार हवेबद्दल बोलू लागला. ताईनं बाबांच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला आधीच भरलेला होता.

फळीबद्दल जे बाबा सांगत नसत ते ताईला आठवत होतं. पैसे पुरे व्हायला चार महिने लागत, कधी सहा. पाय मात्र थांबत नसे. ठरलेल्या व्यवहाराशी त्याला काही देणंघेणं नसतं. एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि वाढत्या वयाचं पोर तेवढं अर्ध्या-पाऊण वर्षात सहज वाढतं. म्हणून बाबा आधीच एक नंबर मोठा बूट फळीवर ठेवत आणि पुढे कापूस भरून देत. तरीही कधी कधी हिशेब चुकायचा. ताई अकरा वर्षांची असताना तिनं पाहिलेला एक लाल जोड होता. सात महिने फळीवर होता. सातव्या महिन्यात ती बाई आपल्या मुलीला घेऊन आली, शेवटचे पैसे दिले, बाबांनी खोकं उतरवलं, आणि मुलीची टाच काही केल्या आत जाईना. बाबांनी कापूस काढला. तरी जाईना. "असू द्या," ती बाई म्हणाली, "धाकटीला होतील." आणि खोकं घेऊन गेली. तिला धाकटी नव्हती. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाबांनाही.

त्यामुळे बाबा फळीचं कौतुक करू लागले की ताईला तो लाल जोड दिसायचा, आणि धाकटा मशीनचं करू लागला की नववं पान दिसायचं. दोन्हीकडे बघून झालं की ती 'बघू' म्हणायची.

त्याच दुपारी काजेबटणाच्या बाई आल्या.

या बाई घरी बसून तयार शर्टांना काजं-बटणं करून द्यायच्या. तीन मुलं, तिघांचेही बूट नेहमी याच दुकानातून. रोज माल पोचवायला त्या दुकानासमोरूनच जात. गेले तीन आठवडे त्या समोरच्या बाजूनं जाताहेत हे ताईच्या लक्षात आलं होतं. तिकडे गटाराचं काम चालू होतं आणि फळ्यांवरून तोल सांभाळत जावं लागत होतं, तरी त्या तिकडूनच जात होत्या.

आज त्या आत आल्या, स्टिकर फडफडला. मधली मुलगी बरोबर होती. हातातली मोठी पिशवी त्यांनी गल्ल्यावर ठेवली आणि त्यातून तीन खोकी काढली.

"हे तीन परत घ्या, ताई. घातलेले नाहीत. चौथा हिच्या पायात आहे, तोही घ्या."

"बसा आधी. काय झालं?"

"काही नाही. नकोत मला."

"चार जोड घेतलेत तुम्ही?"

"मी एकच घ्यायला आले होते. दादा म्हणाले, आज काही द्यायचंच नाहीये. मग म्हटलं, एकाला काय आणि चाराला काय." त्या कोरडं हसल्या. "द्यायचं नसलं की माणसाला हिशेब येत नाही बघा."

दादा, म्हणजे धाकटा, शिडीवर चढून कुणीही न मागितलेलं खोकं शोधत होता. शिडीचा आवाज थांबला.

बाईंनी फोन पुढे केला. ताईनं वाचलं. 'तुमचं आवडतं दुकान तुमची वाट पाहत आहे. दुसरा हप्ता थकला आहे.' खाली दुकानाचं नाव आणि एक हसरा चेहरा.

"दिवसातून तीनदा येतो हा," बाई म्हणाल्या. "पहिला हप्ता दिला मी. दुसऱ्याला मालाचे पैसे उशिरा मिळाले. आठ दिवस. तर आठ दिवसांचे एवढे चढले की एक जोड त्यातच गेला असता. काल माझ्या जावेला गेला हा मेसेज."

"तिचा नंबर कुठून मिळाला त्यांना?"

"दोन ठिकाणी बोट लावलं ना मी. त्यातलं एक तेच असणार."

ताईनं फोन त्यांना परत दिला.

"तुम्ही कधी असं मागितलं नाही, ताई. फळीवर माझा जोड पाच-पाच महिने असायचा, तरी तुम्ही हटकलं नाही. आता इथून जायचं म्हटलं तर वाटतं, तुम्ही काचेतून बघताय."

"हे मी नाही पाठवलेलं."

"नाव तुमचं आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शर्टाला कुठलं बटण लावलंय ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

मुलगी बाकावर बसली होती आणि उजवा पाय डाव्या पायावर घासत होती. ताई खाली बसली, तिचे बूट काढले, मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची टोकं लाल होती. तिनं पाटी रुमालानं पुसली, टाच नीट टेकवली, पट्टी सरकवली. मग दुसऱ्यांदा सरकवली.

"मावशी, गुदगुल्या होतात," मुलगी म्हणाली.

"होऊ देत. हलू नकोस." ताईनं शिडीकडे न बघता विचारलं, "हिला कितीचा दिलास?"

"तेरा," वरून आवाज आला.

"हिला दीड नंबर लागतो. माप घेतलं होतंस?"

वर दोन खोकी उगाच सरकली.

"त्यांनीच सांगितला तेरा," धाकटा शेवटी म्हणाला.

"मला काय ठाऊक," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी ताईंनीच तेरा सांगितला होता."

ताईनं मापांची वही काढली. एका पानावर एक मूल: तारीख, डावा पाय, उजवा पाय. शेवटची नोंद बारा आठवड्यांपूर्वीची होती. त्यानंतर पांढरी पानं. विक्री दीडपट झाली होती आणि माप एकाही पायाचं घेतलं गेलं नव्हतं. ताईनं एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: दोन्ही पायांचं माप घ्यायला दीड मिनिट लागतं आणि फोनवर बोट लावायला नऊ सेकंद. ज्याला आज काही द्यायचंच नाही त्याला दीड मिनिट कशाला थांबवायचं, असं धाकट्याला वाटलं असणार. आणि आपण काय करत होतो? आपण गल्ल्यामागे बसून बघत होतो. बघू बघू म्हणत नुसतं बघतच होतो.

तिनं वाढीला जागा धरून दोन नंबरचा जोड काढला, मुलीच्या पायात घातला, अंगठ्यापुढे बोट दाबून जागा पाहिली. "चालून दाखव." मुलगी दारापर्यंत गेली आणि परत आली, आणि पुन्हा गेली, कारण तिला आवडलं होतं.

"हे घालून जाऊ दे तिला," ताई म्हणाली. "बाकीचं उद्या मी बघते."

"बघते म्हणजे?" बाईंनी विचारलं. त्यांनी हा शब्द या दुकानात पूर्वीही ऐकला असावा.

शनिवारी बरोबर अकराला कंपनीचा माणूस आला. तो इतका हसायचा की त्याच्या गालांना त्याची सवय होऊन गेली होती. वाईट बातमी सांगतानाही ते खाली येत नसत. त्यानं आल्या आल्या गल्ल्यावर करारपत्र ठेवलं, त्यावर पेन ठेवलं, आणि पेन भेट आहे असं सांगितलं. धाकट्यानं मशीन पुन्हा एकदा पुसलं. बाबा जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसले. तिथून त्यांना सगळं दिसायचं आणि गुडघेही फार वाकवावे लागत नसत.

"अभिनंदन, ताई," माणूस म्हणाला. "या रस्त्यावर तुमच्याएवढी वाढ कुणाचीच नाही."

"माझ्या एका गिऱ्हाईकाला तुमचे मेसेज जाताहेत. माझ्या नावानं."

"ते आपोआप जातात. आपुलकी वाटावी म्हणून दुकानाचं नाव घालतो."

"त्यांना आपुलकी वाटली नाही. त्यांनी रस्ता बदलला."

"तो त्यांचा आणि आमचा मामला आहे, ताई," तो हसतच म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास करून घेता? तुमचे पैसे दुसऱ्या दिवशीच तुम्हाला मिळालेत."

"ते चार जोड माझ्याकडे परत आलेत. खरेदी रद्द करायची आहे."

"परत घ्यायची मुदत सात दिवस असते."

"ती नवव्या पानावर. अकराव्या पानावर लिहिलंय की चूक दुकानदाराची असेल तर मुदत लागू नाही; पूर्ण खरेदी रद्द, दंडासकट. चूक आमची आहे. माप न घेता माल दिला."

"अकरावं पान?" माणसानं करारपत्र उचललं आणि पानं मोजली. त्याचं हसू तसंच होतं, पण डोळे खाली वाचत होते. एवढ्या दिवसांत त्या पानाशी त्याची ओळख करून देणारं कुणी भेटलं नव्हतं. ताईनं त्याच्यापुढे भिंग सरकवलं.

वाचता वाचता तो बाकावर बसला आणि त्याचा उजवा पाय पुढे आला. बुटाचा सोल पुढून सुटला होता. पाय हलला की तो उघडायचा आणि मिटायचा. त्यानं पाय झटकन बाकाखाली घेतला, पण धाकट्याला ते दिसलं होतं, आणि वातावरण निवळायला हे बरं निमित्त आहे असं त्याला वाटलं.

"साहेब, नवे घेऊन टाका की. आपल्याच मशीनवर."

"बरोबर आहे," ताई म्हणाली आणि पाटी घेऊन त्याच्यासमोर बसली. "काढा बूट."

तो नको नको म्हणत होता, पण ताईनं बत्तीस वर्गांना गप्प बसवलेलं होतं. तिनं माप घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं. तो सात नंबर घालत होता आणि त्याचा पाय आठचा होता. आठचा काळा जोड पायात गेल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला, आणि तेव्हा कळलं की तो दिसायला तसा थकलेला माणूस आहे.

"किती हप्ते करू?" ताईनं मशीन हातात घेतलं. निळा दिवा लागला.

माणसानं दाराकडे पाहिलं, मग खिशात हात घातला. "नको. रोखच देतो."

"का हो?"

"सवय नाही तशी." तो नोटा मोजू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरी बायको ते अ‍ॅप फोनमध्ये ठेवूच देत नाही."

धाकट्याच्या हातातलं मऊ फडकं थांबलं. जिन्यावरून एक खाकरण्याचा आवाज आला. फळीवरून एखादं खोकं खाली उतरवताना बाबा असेच खाकरायचे.

"मी सांगत होतो," बाबा म्हणाले. "फळीच बरी."

ताईनं फळीकडे पाहिलं. तिथे तीन खोकी होती, तिन्ही मुलांची. एकावरची चिठ्ठी पिवळी पडली होती.

"मग काय ठरलं?" बाबांनी विचारलं.

धाकटाही बघत होता, कंपनीचा माणूस नव्या बुटांत उभा राहून बघत होता. तिघांनाही उत्तर माहीत होतं. धाकट्यानं तर कंटाळून फडक्याची घडी घालायला घेतली.

ताईनं मशीनची वायर काढली, ती व्यवस्थित गुंडाळली, आणि मशीन त्या माणसाच्या हातात दिलं.

"हे न्या. पेनही न्या. अकराव्या पानाचं काम सोमवारपर्यंत करून मला कळवा." मग ती जिन्याकडे वळली. "आणि बाबा, फळीही आज रिकामी होईल. ती तिन्ही मुलं आज बोलवायची, मापं घ्यायची आणि बूट देऊन टाकायचे. यापुढे मुलांचे बूट अर्ध्या पैशांत घरी जातील. उरलेले पैसे पाय एक नंबर वाढेपर्यंत द्यायचे. माप मी घेईन आणि मागायचे झाले तर मीच मागेन, तोंडानं."

"म्हणजे उधारी," धाकटा म्हणाला. "बुडेल थोडी."

"बुडेल. लाल जोड बुडाला होता तेवढी तरी नाही."

बाबांनी कठड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आणि मोठ्यांचं काय?" धाकट्यानं विचारलं. "त्यांचे पाय वाढत नाहीत."

"मोठ्यांनी," ताई मापांची वही उघडत म्हणाली, "साहेबांसारखे रोख द्यावेत."